मोहरांचा हंडा: शूटिंगसाठी खोटी सोन्याची नाणी कशी बनवायची

हंडा तिरका केला, नाणी दगडी फरशीवर पडली आणि आवाज आला तो कॅरमच्या सोंगट्यांचा. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात शॉर्ट फिल्मचं शूट होतं, भिंत पडते आणि आतून मोहरांचा हंडा निघतो असा सीन, आणि मी बाजारातून तयार प्लॅस्टिकची सोनेरी नाणी आणून हंडा भरला होता. फोटोत भारी दिसत होती. पण ओतली आणि सगळं संपलं, कारण आवाज खोटा, पडणं खोटं, आणि ज्या नटाने तो हंडा उचलला त्याने एका हाताने उचलला. त्या दिवसापासून मी हे काम नीट शिकायला लागलो आणि आता जे जमलंय ते सगळं इथे लिहितोय, म्हणजे ज्यांच्याकडे बजेट नाही पण सीन खरा वाटावा अशी इच्छा आहे त्यांना उपयोग होईल.

आधी एक गोष्ट ठरवून टाका की खजिना कुठल्या काळातला आहे. आपल्याकडे खजिना म्हटलं की लोक बाहेरच्या सिनेमातली लाकडी पेटी आणि त्यातली गुळगुळीत, एकदम गोल, कडेला रेघा असलेली नाणी डोळ्यापुढे आणतात. आपल्या मातीत धन पुरलं जायचं ते हंड्यात, घागरीत, मडक्यात. आणि नाणी हाताने ठोकलेली असायची, खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे धातूची चकती आणि वरून घाव. त्यामुळे नाणं कधी पूर्ण गोल नसायचं, ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा म्हणून अक्षरं अर्धी कापली जायची, मजकूर एका बाजूला सरकलेला असायचा. कडेच्या त्या बारीक रेघा मशीनच्या नाण्यांना असतात. शिवकाळातल्या सीनमध्ये तशी कड दिसली की जाणकार माणूस तिथेच उठतो, आणि बाकीच्यांना कारण कळत नाही पण काहीतरी चुकतंय एवढं जाणवतं.

आता आपल्या नाशिक जिल्ह्यापुरतं बोलायचं तर आपण नशीबवान आहोत. जोगळटेंभीला १९०६ साली नाण्यांचा जो साठा सापडला त्यात १३ हजारांच्या वर चांदीची नाणी होती, नहपान या क्षत्रप राजाची, आणि त्यातल्या ९ हजारांच्या वर नाण्यांवर त्याचा शत्रू, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा परत मारलेला होता. म्हणजे शत्रूचा चेहरा असलेल्या नाण्यावर आपलं चिन्ह ठोकायचं. हे प्रॉपमध्ये, म्हणजे शूटिंगसाठी बनवलेल्या वस्तूत, दाखवता आलं तर काय सीन होईल विचार करा. पण लक्षात घ्या, ती चांदी आहे. सातवाहनांची नाणी शिसं, तांबं, पोटीन (तांब्याचा एक मिश्रधातू) आणि चांदी अशी सापडतात, सोन्याची नाही, त्यामुळे सातवाहन काळातली गोष्ट असेल तर सोनेरी नाण्यांचा ढीग लावू नका. सोनं त्या काळी माहीत होतंच, पांडवलेणीच्या १० नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा जो लेख आहे त्यात ३५ कार्षापणांना (त्या काळची नाणी) एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, असा हिशेब चक्क कोरून ठेवलाय. मुघल काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, आणि पुढे चांदवडला टांकसाळ होती, चांदोरी रुपया तिथला. अंजनेरीला त्र्यंबक रस्त्यावर नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे आणि तिथे संग्रहालय आहे, एकदा जाऊन या, खरं नाणं काचेतून का होईना पण जवळून बघितलं की अर्ध्या चुका आपोआप टळतात.

मी सगळ्यात जास्त बनवतो तो शिवराई होन, म्हणजे शिवाजी महाराजांचं सोन्याचं नाणं, कारण मागणी त्याचीच. एका बाजूला तीन ओळीत श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळीत छत्र पति, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. चेहरा नाही, चित्र नाही, फक्त देवनागरी अक्षरं, त्यामुळे बनवायला सोपा. अडचण एकच, खरा होन जेमतेम १३ मिलिमीटरचा आणि पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. डायरेक्टरला दाखवला की तो म्हणतो एवढुसा? मी १६ ते १८ मिलिमीटरवर तडजोड करतो, त्याच्या वर जात नाही. मुघल मोहर मोठी असते, साधारण ११ ग्रॅम, २० मिलिमीटरच्या आसपास आणि जाड, ती कॅमेऱ्यात जशीच्या तशी छान दिसते. तिच्यावर फारसी मजकूर असतो, तो लिहिताना मात्र वाचता येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, उगाच वळणं काढून भागवू नका.

आता किती नाणी लागतील याचा हिशेब, कारण इथे लोक एकतर हजारो बनवायला घेतात आणि थकतात किंवा शंभरावर थांबतात आणि शूटच्या दिवशी हंडा रिकामा दिसतो. हंड्याचं तोंड २० सेंटीमीटरचं धरा आणि नाणं २ सेंटीमीटरचं, तर एका थरात, कडा थोड्या एकमेकांवर चढलेल्या धरून, साधारण १०० नाणी बसतात. चार थर दिले की खालचं काही दिसत नाही, म्हणजे ४०० मध्ये हंडा तोंडापर्यंत भरलेला दिसतो. ओतायच्या शॉटला अख्खा हंडा ओतायची गरजच नाही, फ्रेम टाइट घ्या आणि अर्ध्या लिटरच्या तांब्यातून ओता, त्यात पावणेपाचशेच्या आसपास नाणी मावतात. एकूण ५०० चा सेट असेल तर बहुतेक सगळे शॉट निघतात.

पण ५०० च्या ५०० सारख्या दर्जाची बनवायची नाहीत. मी तीन प्रकार करतो: हातात घ्यायची, ढिगावर दिसायची, आणि खालची भरतीची.

भरतीची सगळ्यात सोपी. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत पत्र्याचं प्रेसकाम करणारी वर्कशॉप आहेत, पत्र्याला भोक पाडलं की जी गोल टिकली खाली पडते ती त्यांच्यासाठी भंगार असते आणि किलोवर मिळते. १८ ते २२ मिलिमीटरच्या टिकल्या शोधा, दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या. लोखंडी असतात पण वजन आणि आवाज मस्त देतात. दोन गोष्टी सांभाळा, एक म्हणजे त्यांना तेल असतं, ते गरम पाण्यात कपड्याचा सोडा टाकून धुवा आणि लगेच उन्हात वाळवा नाहीतर संध्याकाळपर्यंत गंज धरतो, आणि दुसरं म्हणजे कड धारदार असते. माझ्या एका मित्राचं बोट यानेच कापलं होतं, नाणी मुठीत भरून वर उचलायची होती आणि हात बाहेर आला तो रक्ताने भरलेला, शूट तास-दीड तास थांबलं. तेव्हापासून मी टिकल्या आणि मूठभर वाळू जुन्या रंगाच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावून चांगलं घुसळतो, पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे कड मोडते आणि शिवाय नाणं वापरलेलं वाटतं.

आता ढिगावरची नाणी, आणि खरं काम इथेच आहे.

ठसा बनवायला मी भांडी बाजारात जातो. भांड्यांवर नाव घालून देणारे असतात ना, लग्नाच्या भांड्यांवर सप्रेम भेट वगैरे, त्यांच्याकडे ते थरथरणारं मशीन असतं. त्यांना ३ मिलिमीटर जाडीचा पितळेचा तुकडा द्यायचा आणि त्यावर अक्षरं खोल कोरून घ्यायची. उलटी कोरायची! पहिल्यांदा मी सरळ कोरून आणली आणि घरी येऊन साचा दाबला तर राजा शिव आरशात बघितल्यासारखं उलटं उमटलं, तो तुकडा आजही माझ्याकडे आहे. अक्षरं मोबाईलवर आरशातल्यासारखी उलटी करून प्रिंट काढा, कागद पितळेवर चिकटवा आणि कारागिराला सांगा की कागदावर जसं दिसतंय तसंच गिरवा, वाचू नका. आमच्या त्या काकांचा हात इतका बसलेला आहे की वाचलं तर ते सवयीने सरळच लिहितील. दोन-तीनदा त्याच रेषेवरून मशीन फिरवायला लावा, नाहीतर खोली कमी पडते आणि नाण्यावर अक्षर पुसट येतं.

मग एम-सील सारखी इपॉक्सी पुट्टी नीट मळून तिची हरभऱ्यापेक्षा जरा मोठी गोळी करायची, ठशावर तोंडाला लावायची पावडर ब्रशने फिरवायची, गोळी ठेवायची आणि वरून दुसरा ठसा दाबायचा. मुद्दाम मधोमध ठेवू नका. गोळी कडेला जराशी फाटते, एका बाजूला पातळ होते, अक्षराचा एखादा काना बाहेर जातो, आणि हेच आपल्याला पाहिजे असतं, खरं नाणं ठोकताना नेमकं हेच व्हायचं. असे किमान सहा वेगवेगळे नमुने करा. एकाच नमुन्यावरून सगळी काढली तर ढिगात तोच तुटका कोपरा दहा ठिकाणी दिसतो आणि डोळा तो लगेच पकडतो.

नमुने सुकले की एका सपाट काचेवर डबल टेपने चिकटवा, भोवती पुठ्ठ्याची भिंत करा आणि त्यावर सिलिकॉन रबर ओता. हार्डनर डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात आणि वजनकाट्यावर मोजून, अंदाजाने नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री जी थंडी पडते त्यात सिलिकॉन आणि साच्यात ओतायचं रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं प्लॅस्टिक) दोन्ही सुकायला रेंगाळतात, दिवसा घरात काम करा. आणि पावसाळ्यात पॉलियुरेथेन रेझिन वापरत असाल तर हवेतली ओल त्यात शिरून फेस येतो, नाण्याला भोकं पडतात, मी जुलैत सव्वाशे नाणी फेकून दिलीत. पावसाळ्यात इपॉक्सी वापरा, वेळ जास्त घेतं पण ओलीचा एवढा त्रास नाही. दोन्ही बाजूंना ठसा हवा असेल तर दोन अर्धे साचे करावे लागतात, मी तेवढं फक्त शंभरेक नाण्यांना करतो, बाकीची एका बाजूने सपाट, कारण ढिगात ती खालीच जाते.

आता कोल्ड कास्टिंग. नाव मोठं आहे, काम असं की रेझिनमध्ये पितळेची बारीक पावडर मिसळायची. आधी साच्यात मऊ ब्रशने कोरडी पितळ पावडर फिरवायची, जास्तीची झटकून टाकायची, मग रेझिन आणि पावडर साधारण समान मापाने मिसळून घट्टसर झालं की ओतायचं. वजनासाठी ओतताना मधे एक छोटी लोखंडी टिकली बुडवा, १२-१४ मिलिमीटरची. नुसतं रेझिनचं नाणं एक ग्रॅमचंही भरत नाही, पावडरने दोनच्या आसपास जातं आणि टिकलीने तीनपर्यंत. सुकलं की बाहेर येतं ते मातकट, शेणाच्या गोवरीसारखं, तेव्हा घाबरू नका. एकदम बारीक स्टील वूल घेऊन घासा आणि बघा काय होतं, वरचं रेझिन निघून पितळ उघडं पडतं आणि अक्षरांचे उंचवटे चमकायला लागतात, खोलगट भाग काळपट राहतो. माझ्या आईने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ती देवाची भांडी घासता घासता थांबली आणि नाणं हातात घेऊन खिडकीपाशी गेली. मास्क लावल्याशिवाय ही पावडर उघडायची नाही, हातमोजे घालायचे आणि काम गच्चीवर किंवा दारं उघडी ठेवून. आणि शिसं वितळवून नाणी पाडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, वजन छान येतं पण शिशाचा धूर आणि भुकटी दोन्ही शरीरात जातात, ती नाणी लहान मुलाच्या हातात पडली तर विचारच नको.

हातात घ्यायची, क्लोजअपची नाणी दहा-बारा पुरतात आणि ती मी पितळेचीच करतो. सराफ बाजारात दागिन्यांचं कास्टिंग करणारे कारागीर आहेत, त्यांना आपला नमुना दिला की ते रबराचा साचा करून मेण पाडतात आणि पितळ ओतून देतात. त्यावर सोन्याचं पाणी चढवून घ्यायचं. नुसतं पितळ कॅमेऱ्यात हिरवट पिवळं दिसतं, सोन्यात जी लालसर ऊब असते ती त्यात नाही, पातळ मुलाम्यानेसुद्धा फरक पडतो. दगडावर आपटल्यावर जी टणत्कार देणारी नाणी लागतात ती हीच. आणि ढिगावर ओतताना रेझिनच्या नाण्यांत ही चार आणि लोखंडी मूठभर मिसळा, आवाज बदलतो.

रंगाबद्दल. सोनेरी स्प्रे सरळ मारू नका. आधी रेड ऑक्साईड प्रायमर, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्यावर सोनेरी. खाली विटकरी रंग असला की वरचं सोनं उबदार दिसतं, वर्ख लावणारे लोक लाल मातीचा थर आधी देतात त्यामागे हेच आहे. मग गडद तपकिरी रंग पातळ करून सगळीकडे फासा आणि अर्ध्या मिनिटात कापडाने पुसा, खाचांत राहील तेवढाच ठेवा. वरून चकचकीत क्लिअर लॅकर मारू नका, त्याने धातूचा रंग मरतो.

आणि इथे मला मनापासून एक सांगायचंय: सोनं काळं पडत नाही, हिरवं होत नाही, गंजत नाही. तीनशे वर्षं जमिनीत राहिलं तरी धुतलं की पिवळंच. मी कितीतरी ठिकाणी बघतो की जुनं वाटावं म्हणून सोन्याच्या नाण्यांवर हिरवा रंग मारलेला असतो, तो तांब्याला येतो. चांदी काळी पडते. सोन्यावर फक्त माती बसते. म्हणून माझ्या हंड्यात वरच्या नाण्यांवर वाड्याचीच माती असते, भिंतीतून पडलेली, चाळून, जराशी ओली करून खाचांत दाबलेली. आणि हंडा तांब्याचा असेल तर हिरवटपणा हंड्याला द्या, नाण्यांना नाही. हंडा हिरवा आणि आतलं सोनं लख्ख, यानेच बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

आता वजन. १० लिटरचा हंडा खऱ्या सोन्याच्या नाण्यांनी भरला तर मधली पोकळी धरूनही ११० किलोच्या वर जातो. दहा हजाराच्या आसपास मोहरा झाल्या त्या. दोन माणसांनाही तो सहज उचलता येणार नाही. आपल्या हंड्यात तळाला कोरड्या वाळूची १० किलोची पिशवी ठेवा, तिच्यावर थर्माकोलची चकती, त्यावर गोणपाट, मग नाणी. दहा किलो म्हणजे ११० नव्हे पण नटाच्या खांद्याला आणि कमरेला खरं काहीतरी लागतं, चेहऱ्यावर आपोआप येतं. ज्याने एका हाताने हंडा उचलला होता त्याच्याच हातात हा दिला, त्याने पहिल्याच टेकला पाय रोवले.

नाण्यांसोबत दागिने टाकाल तर आपले टाका. पुतळ्यांची माळ, बोरमाळ, मोहनमाळ, चार तोडे. एक ग्रॅम गोल्डचे तुटके दागिने दुकानात कमी भावात मिळतात. पुतळ्या तर नाण्यासारख्याच दिसतात, ढिगात फार छान मिसळतात. धनत्रयोदशीनंतर पूजेच्या दुकानात उरलेली लक्ष्मीची खोटी नाणी पण मिळतात, भरतीला चालतात, पण शॉटमध्ये नाणी पायाखाली येणार असतील तर ती वापरू नका. एका काकांनी आमच्या सेटवर ते बघून वाकून एकेक उचललं होतं, त्यांचं बरोबर होतं.

लाइट लावताना सोन्यावर सरळ प्रकाश फेकून उपयोग नाही. सोनं आजूबाजूचं दाखवतं, अंधारात भोवती काही नसेल तर ते काळंच दिसणार. हंड्याच्या वर, फ्रेमच्या बाहेर, पांढऱ्या थर्माकोलची शीट तिरकी धरा आणि प्रकाश तिच्यावर मारा. दिवटी किंवा पणतीची हलणारी ज्योत असेल तर सोनं जिवंत होतं, त्याला काहीच तोड नाही.

कायद्याचं थोडक्यात पण नीट वाचा. चालू नाणी, ती पिवळी पाच-दहाची वगैरे, वितळवून किंवा ठोकून प्रॉप करू नका, २०११ च्या नाणे कायद्याने त्याला बंदी आहे. पांडवलेणीत शूट करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी. आणि खोदताना खरंच काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही असलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं.

याहून मला जास्त काळजी वाटते ती आपल्याच नाण्यांची. खोदकामात सोनं सापडलं म्हणून खोटी नाणी गळ्यात मारणारे लोक आपल्या भागात सतत पकडले जातात आणि फसणारी माणसं साधी असतात, कोणी बैल विकून पैसे आणतं. म्हणून माझ्या प्रत्येक चांगल्या नाण्याच्या कडेला मी एक बारीक आडवी खाच पाडतो आणि मागे छोट्या अक्षरांत 'प्रॉप' असं कोरतो, कॅमेऱ्याला दिसत नाही. शूटला जाताना मोजून नेतो, येताना मोजून आणतो, वहीत लिहितो. कितीही पैसे दिले तरी सुटी नाणी विकत नाही. गोदावरीवर पाण्यात नाणी पडायचा शॉट असेल तर खाली जाळी लावा, रामकुंडावर पोरं पाण्यात नाणी शोधत असतात, त्यांच्या हाती हे लागलं तर त्यांना काय वाटेल.

वाड्यातल्या त्या दुसऱ्या शूटला माझं पितळेचं एक नाणं कमी भरलं. रात्री साडेअकराला सगळे टॉर्च घेऊन चौकात वाकलो होतो. शेवटी घरमालकीण आजींना तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ते सापडलं, घरंगळत गेलं होतं. त्यांनी ते पदराला पुसलं, दातांनी चावून बघितलं आणि परत दिलं.

ठेवताना पितळी नाणी मऊ कापडात वेगळी, रेझिनची वेगळ्या डब्यात कारण एकत्र ठेवली की ओरखडे पडतात, आणि लोखंडी टिकल्यांना तेलाचा हात. मुलामा दिलेली नाणी चिंच-मिठाने घासू नका, पाणी उडून जातं, साध्या साबणाने धुवून पुसा.